पाणी पाजलं, पण मलाच!

घरच्या वर्कशॉपमध्ये सुऱ्या बनवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. छोटी गॅसची भट्टी, तेलाचा डबा आणि टेम्परिंगला (कडक पातं पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा कमी करायला) एक ओव्हन एवढ्यावर काम भागवणाऱ्यांनी जरूर वाचावं. मला फसवणाऱ्याला माझी साधनं तुटपुंजी आहेत हे पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचा सगळा धंदा त्यावरच चालला.

मला 1095 हवं होतं. साधं कार्बन पोलाद, साधारण 0.95 टक्के कार्बन. पाणी छान चढतं (पाणी देणं म्हणजे लाल तापवून तेलात झटकन थंड करून कडक करणं), धार झकास येते, पण नखरेल. 800 अंश सेल्सिअसवरून एका सेकंदाच्या आत साडेपाचशेच्या खाली उतरवावं लागतं, तेल जरा मंद असलं की पातं अर्धवट मऊ राहतं. हा नखरा लक्षात ठेवा, पुढे तोच माझ्यावर उलटला.

विक्रेता ऑनलाइन भेटला. बोलायला गोड आणि खरंच जाणकार. आधी नमुना म्हणून दोन छोटे तुकडे पाठवले. एक तापवून तेलात बुडवला, कानस फिरवली, तर काचेवरून घसरावी तशी घसरली, म्हणजे तुकडा कडक. दुसऱ्यालाही पाणी दिलं, व्हाइसमध्ये धरला, वर फडकं टाकलं आणि हातोडी मारली. एका घावात टचकन मोडला, आत राखाडी, मखमलीसारखे बारीक कण. मी खूश. लगेच बारा पट्ट्या मागवल्या, पैसे आगाऊ. सोबत मिलच्या सर्टिफिकेटचा (पोलादात काय किती आहे ते सांगणाऱ्या कारखान्याच्या दाखल्याचा) फोटो आला, पट्ट्यांच्या टोकांना नमुन्यासारखाच पिवळा रंग होता. त्या पट्ट्यांमधला एकही तुकडा मी तपासला नाही. नमुना पास झाला होता ना!

पहिली चार पाती घासली, भोकं पाडली, भट्टीत घातली. लोहचुंबक चिकटायचं थांबलं, म्हणजे 770 ओलांडलं. अजून थोडा वेळ ठेवून तेलात बुडवली. चारही पाती सुरेख सरळ निघाली. ना वाकणं, ना तडा. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. पोलादाला पाणी चढतं तेव्हा आतली रचना बदलते, पातं किंचित फुगतं, ताण येतो, म्हणून तर वाकण्याची धास्ती असते. माझ्या पात्यांत काही घडलंच नव्हतं, तर ती वाकतील कशाला? चुंबकाचं म्हणाल तर मऊ लोखंडही त्याच तापमानाला चुंबक सोडतं.

मग घासून चकचकीत केली आणि 200 अंशांना दोन-दोन तास, दोनदा टेम्पर केली. वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा रंग आला, अगदी हवा तसा. तो रंग वरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्याचा असतो, खालच्या कडकपणाशी त्याचा संबंध नाही. खिळ्यावरही येतो.

पहिल्या सुरीला मूठ बसवली आणि सुकं लाकूड तासायला घेतलं. चौथ्या-पाचव्या वेळी धार लवली. बोट फिरवलं तर एका बाजूला पन्हळीसारखी दुमडलेली. उरलेल्या तिन्हींवर कानस फिरवली, लोण्यात जावी तशी गेली.

त्याला कळवलं. उत्तर लगेच: "दादा, डीकार्ब झालंय. वरच्या थरातला कार्बन जळतो. अर्धा मिलिमीटर घासा, खाली कडक मिळेल." असं खरोखर होतं. घासलं. खालीही मऊ. मग म्हणाला, "तापमान कमी पडलं, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका." हेही खरं. थर्मोकपल, म्हणजे भट्टीचं तापमान मोजायचं साधन, घेतलं, नवीन पाती बनवली, 800 मोजून बुडवली. तरी मऊ. मग म्हणाला, "तुमचं तेल मंद आहे. 1095 ला जलद तेल लागतं, माझ्याकडे आहे."

आणि मी ते विकत घेतलं!

त्यानं सांगितलेलं एकही वाक्य चूक नव्हतं. म्हणूनच मी अडकलो. पाणी देताना चुकायच्या इतक्या जागा असतात, की नवशिक्याला दोष स्वतःतच सापडतो. प्रत्येक वेळी मी लिहीत गेलो, "बहुतेक माझंच चुकतंय."

तेल आलं ते बिनलेबलच्या डब्यात, काळपट, रॉकेलचा वास मारणारं. सांगितल्याप्रमाणे 50-60 अंशांपर्यंत गरम केलं आणि लाल पातं आत घातलं. भडका थेट भुवयांपर्यंत. नशीब, झाकण हाताशी होतं. पातं अर्थातच मऊ.

शेवटी एका काकांकडे गेलो, आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलेले. त्यांनी ना तापमान विचारलं, ना तेल. पट्टी ग्राइंडरला टेकवली. लांब, सरळ, पिवळसर ठिणग्या, टोकाला क्वचित एखादा फाटा. मग तिथलीच एक मोडकी कानस टेकवली, तर चाकाजवळच ठिणग्या फुटायला लागल्या, फांद्यांना फांद्या, अगदी फुलबाजीसारख्या. कार्बन जितका जास्त, तितक्या ठिणग्या फुटतात. काकांनी ग्राइंडर बंद केला.

"हे गेटच्या कामाचं लोखंड आहे रे. याला तू जन्मभर पाणी दे."

घरी येऊन बाराही पट्ट्यांच्या उरलेल्या तुकड्यांना पाणी दिलं आणि व्हाइसमध्ये धरले. एकही मोडला नाही. पहिला काटकोनात वाकला, उलटा मारला तर परत सरळ झाला. मग सर्टिफिकेट पहिल्यांदा नीट वाचलं. कार्बन 0.95, सगळं बरोबर. फक्त ते गोल सळईचं होतं, माझ्या पट्ट्या चपट्या. त्यावरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या घाण्याचा क्रमांक, माझ्या एकाही पट्टीवर नव्हता.

पैसे मागितले तेव्हा त्यानं माझेच मेसेज मला पाठवले: "बहुतेक माझंच चुकतंय." एक नाही, चार. आणि माल परत करायची मुदत केव्हाच टळली होती. डीकार्ब, थर्मोकपल, तेल या एकेका फेरीत दोन-दोन आठवडे गेले होते. तो मला शिकवत नव्हता, दिवस काढत होता. तक्रार केली, पण विक्रीच्या साइटनं मुदतीकडे बोट दाखवलं.

माल हातात आला की त्याच दिवशी प्रत्येक पट्टीचा बोटभर तुकडा कापा, पाणी द्या, टेम्पर न करता मोडून बघा. डोळ्यांवर चष्मा हवाच, तुकडे गोळीसारखे उडतात. मोडला नाही तर भट्टीला शिव्या घालण्याआधी एखादी जुनी, चांगल्या प्रतीची कानस त्याच भट्टीत आणि त्याच तेलात घालून बघा. ती कडक झाली तर तुमचा हात ठीक आहे. एवढं एका दुपारी होतं, मी चार महिने घालवले. आणि विक्रेत्याला लिहिताना फक्त काय दिसलं ते लिहा, का झालं असेल ते नको.

त्या पट्ट्यांचे मी धार घासताना पातं धरायचे साचे (जिग) केले, चांगले चाललेत. नमुन्याचा मोडलेला तुकडा मात्र ग्राइंडरशेजारी खिळ्याला टांगून ठेवलाय. नवीन पट्टी आली की आधी तो टेकवतो, मग पट्टी. त्यानं मला दिलेलं खरं पोलाद तेवढंच.