भरती झाले तर पैसे, बरी झाले तर नाही: थेरपी आणि मेडिक्लेमचा अनुभव

मेडिक्लेमच्या रिन्यूअलचा मेसेज आलाय, प्रीमियम वाढवून. म्हणून हे आत्ताच लिहितेय.

मी चोपड्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब बघते. मागच्या हंगामात छातीत धडधड, हातांना मुंग्या, आता जीव जातो की काय असं व्हायला लागलं. एकदा रात्री जळगावला नेऊन ॲडमिट केलं. ईसीजी, टूडी इको, सगळं नॉर्मल. ते बिल कॅशलेस झालं, कुणी एक प्रश्न विचारला नाही. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी पॅनिक ॲटॅक सांगितले आणि थेरपीसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं.

पाऊण तासाचे हजार रुपये. सासूबाई म्हणाल्या, "नुस्तं बोलाना हजार रुप्या लेतस?" सुरुवातीला मलाही ते जड गेलं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून जाणं-येणं तरी परवडलं. पण थेरपीच्या मॅडमनी धडधड सुरू झाली की पळायचं नाही, ती चढते आणि उतरते ते घड्याळ लावून बघायचं, हे शिकवलं. वहीत वेळ लिहायला लावली. दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागली तेव्हाही मी काट्याजवळ उभी राहून पावत्या केल्या. फी महाग आहे हे माझं मत आता राहिलेलं नाही.

थेरपीच्या फीचा क्लेम मात्र नामंजूर. कारण एकच: चोवीस तास भरती नाही. म्हणजे आजार न ओळखता काढलेल्या रात्रीचे पैसे मिळाले, आणि ज्याने आजार आटोक्यात आला त्याचे नाहीत. थेरपी खुर्चीवर बसून होते, पॉलिसीला खाट लागते.

मी कायदा दाखवला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २१(४): शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यायचा. २०१८ पासून लागू आहे, विमा नियामकाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपन्यांना तसं कळवलंही. तक्रार विभागाचं उत्तर आलं की शारीरिक आजाराचीही ओपीडी या पॉलिसीत नाही, म्हणजे वागणूक सारखीच. पॉलिसीची सगळी पानं वाचली तेव्हा कंपनीवरचा राग थोडा कमी झाला, कारण तसं खरंच लिहिलंय. पुण्याच्या विमा लोकपालांकडे तक्रारीला फी नसते, तरी अटीतच नसलेलं मागायला गेले नाही. पण ही बरोबरी मला पटत नाही. या आजारात बहुतेकांचा सगळा इलाज ओपीडीतच होतो.

मग ओपीडीचं ॲड-ऑन, म्हणजे मूळ पॉलिसीला जादा पैसे भरून जोडायचा भाग, विचारलं, आणि तिथे पावती आडवी आली. मॅडमकडे बाजारातलं छोटं पावतीबुक: नाव, "कन्सल्टेशन", रोख, सही. कंपनीला हवं होतं: मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी, निदान, प्रत्येक सेशनची वेगळी तारीख आणि थेरपिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक. तो क्रमांक मॅडमच्या दारावरच्या पाटीवर आहे, पावतीवर नाही! मी स्वतः नमुना टाइप करून नेला, त्यांनी तसा शिक्का करून घेतला. आता येणाऱ्या प्रत्येकाला नीट पावती मिळते. तुम्ही कुठेही जात असाल तर पहिल्याच दिवशी पावतीवर नोंदणी क्रमांक मागून घ्या, आणि मनाच्या आजाराची ओपीडी धरली आहे का हे एजंटच्या तोंडी शब्दावर न ठेवता ईमेलवर लिहून घ्या.

ज्यांना फी झेपतच नाही त्यांच्यासाठी जळगाव आणि धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ ही सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

मला सांगितलेलं ॲड-ऑन जवळपास तीन हजारांचं, वर्षाची मर्यादा पाच हजार, आणि त्यातच डॉक्टर, तपासण्या, औषधं सगळं. ते घेतलं नाही. मूळ पॉलिसी भरली, कारण भरतीची वेळ सांगून येत नाही. वाचलेल्या पैशात तीन सेशन होतात, पुढची तारीख घेऊन ठेवली आहे.