अलायसिंगची खोटी वॉर्निंग: फ्लॅग, कंस की ऑप्शनल?

परवा पाषाणला चहाच्या टपरीवर मित्र वैतागून सांगत होता, हवामानाच्या मॉडेलचा जुना फोर्ट्रान कोड, जीफोर्ट्रान कंपायलरला डब्ल्यू-ऑल (-Wall, नेहमीच्या वॉर्निंगा चालू करणारा फ्लॅग) लावलं की तेच तुणतुणं, एकच व्हेरिएबल इंटेंट-इन (फक्त वाचायचं) आणि इंटेंट-आउट (लिहायचं) दोन्हीकडे दिलंय म्हणे, म्हणजे अलायसिंग. कॉल असा होता: कॉल हिशोब(0, जंक, जंक). पहिलं आर्ग्युमेंट मोड, तो 0 असला की सबरुटीन त्या दोघांना हातच लावत नाही, जंक नुसतं जागा भरायला. पण कंपायलर आत काय चाललंय ते बघत नाही, तो इंटेंट आणि नाव बघतो आणि बोंबलतो.

सगळ्यात सोपं म्हणजे ही वॉर्निंग बंद करणारा फ्लॅग डब्ल्यू-नो-अलायसिंग (-Wno-aliasing), एक शब्द मेकफाइलमध्ये आणि शांतता. मला हे आवडत नाही, कारण खऱ्या वॉर्निंगाही त्यातच गप्प होतात. लावायचाच तर त्या एका फाइलपुरता लावा.

दुसरा उपाय कंस: कॉल हिशोब(0, (जंक), जंक). कंसामुळे ते एक्सप्रेशन होतं, वेगळी कॉपी जाते, वॉर्निंग गायब. कंस फक्त इन बाजूला हां, आउटला लावलात तर सरळ एरर. स्केलरला, म्हणजे एकाच आकड्याला, हे फुकटात पडतं, पण 1000 बाय 1000 चा डबल प्रिसिजन ॲरे असेल तर प्रत्येक कॉलला 8 एमबीची कॉपी, आणि कॉल टाइमस्टेपच्या लूपमध्ये असला तर बघायलाच नको. शिवाय शेजारी कॉमेंट टाका, नाहीतर नवीन आलेलं पोरगं "हे कंस कशाला" म्हणून काढून टाकतं.

तिसरा, आर्ग्युमेंट ऑप्शनल करून ते दिलंय का हे आत प्रेझेंटने तपासायचं. जंकच उडतं, सगळ्यात स्वच्छ हेच, पण एक्स्प्लिसिट इंटरफेस हवा, म्हणजे सबरुटीनची आर्ग्युमेंटं कॉलच्या जागी कंपायलरला दिसली पाहिजेत (वॉर्निंग येतेय तिथे ती दिसतातच, नाहीतर सबरुटीन मॉड्यूलमध्ये हलवा), आणि सगळे कॉल तपासा. डेडलाइन डोक्यावर असताना कोण करतंय.

आणि हो, ही वॉर्निंग इंटरफेस दिसला तरच येते, जुन्या एफ-77 च्या (फोर्ट्रान 77 च्या) सुट्ट्या फाइलींमध्ये खरा घोळ असला तरी कंपायलर गप्प बसू शकतो.

मी त्याला म्हटलं आधी एकेक कॉल बघ, मग कंस लाव. एकूण 14 निघाले. 13 ठिकाणी जंक, जंक. चौदाव्यात तापमानाचा ॲरेच दोन्हीकडे, आणि ते सबरुटीन शेजारचे पॉइंट वाचत वाचत त्याच्यावरच लिहीत होतं.