ल मां: फेरारीची वाट की पोर्शची?

१९९५ साली पहिल्याच फटक्यात फ्रान्समधली ल मांची २४ तासांची मोटारशर्यत मारणाऱ्या मॅक्लारेन या ब्रिटिश रेसिंग कंपनीने २०२७मध्ये तिथे परतायचं ठरवलंय. गाडी बांधायच्या नियमांच्या वाटा दोन.

फेरारीची एलएमएच (ल मां हायपरकार): चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, घरची, हायब्रिड मोटर पुढच्या चाकांना. खर्च अफाट, पण ५० वर्षांनी परतून २०२३, २०२४, २०२५ अशी हॅटट्रिक! (तिसरा विजय खासगी संघाच्या पिवळ्या फेरारीचा, बरं का.)

पोर्शची एलएमडीएच (ल मां डेटोना एच) त्यामानाने स्वस्त. चॅसी चार ठरलेल्या कंपन्यांपैकी एकीची, हायब्रिड भाग सगळ्यांना सारखेच. इंजिन आणि रूप तेवढं आपलं. मॅक्लारेनने हीच धरली, चॅसी डलाराची. हिशेबाला पक्की निवड. फक्त २०२५पर्यंत या वाटेने ल मां कुणीच जिंकलं नव्हतं. त्या वर्षी पोर्श अवघ्या १४ सेकंदांनी हुकली.