८५६ डॉलर ७ : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

कॅटलॉगच्या नोंदीतल्या एका सबफील्डवर (म्हणजे उप-रकान्यावर) एवढं लांबलचक लिहायचं म्हणजे जरा अतीच आहे, पण जूनपासून माझ्या टेबलावर दुसरं काही नव्हतं. आमच्या ग्रंथालयाच्या कोहामध्ये (कॅटलॉगचं सॉफ्टवेअर) ई-जर्नलच्या हजारेक नोंदी आहेत. त्यातल्या प्रत्येक ८५६ ला डॉलर ७ लावायचं काम माझ्या वाट्याला आलं.

कॅटलॉगिंगपासून लांब असणाऱ्यांसाठी थोडक्यात: मार्क (ग्रंथालयाच्या नोंदींचा ठरलेला साचा) नोंदीत ऑनलाइन पत्ता लिहितात ते ८५६ क्रमांकाचं फील्ड. त्यातल्या सबफील्डपुढे $ चिन्ह असतं, म्हणून 'डॉलर'. डॉलर यूमध्ये यूआरएल, डॉलर ३ मध्ये ही लिंक कोणत्या अंकांची, डॉलर झेडमध्ये वाचकासाठी टीप. डॉलर ७ हे २०१९ च्या सुधारणेत आलं आणि त्यात एकच खूण भरायची असते. ० म्हणजे खुलं, १ म्हणजे मर्यादित, यू म्हणजे नमूद नाही, झेड म्हणजे यातलं काहीच नाही. संपलं.

त्याआधी आमच्याकडे हे सगळं डॉलर झेडवर चालायचं. 'फ्री', 'फ्री अ‍ॅक्सेस', 'कॅम्पस ओन्ली', 'फक्त सभासदांना', 'फुल टेक्स्ट अव्हेलेबल' (कोणाला, ते नाही). नोंद वाचून ती कोणी केली हे मी सांगू शकते, इतका प्रत्येकाचा आपापला खाक्या. वाचायला माणूस असेल तर चालून जातं. पण 'खुली जर्नल तेवढी दाखव' असं मशीनला सांगायचं तर या खिचडीतून काही निघत नाही.

हे काम निघालं ते 'रेझोनन्स'मुळे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीचं हे मासिक १९९६ पासून निघतं. एमएस्सीच्या एका मुलीने सुट्टीत गावाहून फोन केला, "मॅडम, लेखाचे डॉलरमध्ये पैसे मागतंय. वडिलांच्या कार्डावरून भरू का?" भरू नकोस म्हटलं आणि नोंद उघडली. दोन ८५६. पहिली लिंक सहप्रकाशकाच्या साइटची, तिथे लॉगिन किंवा पैसे. दुसरी अकादमीच्या स्वतःच्या साइटची, तिथे तोच लेख पीडीएफमध्ये, फुकट. दोन्ही लिंकपुढे आमच्या ओपॅकवर (वाचकांना दिसणारा ऑनलाइन कॅटलॉग) एकच मजकूर: 'ऑनलाइन पाहण्यासाठी इथे क्लिक करा'. पोरीने वरची दाबली. कोणीही वरचीच दाबेल.

तोपर्यंत आम्ही ५०६ वापरत होतो, तेही अधूनमधून. ५०६ ही प्रवेशावरच्या निर्बंधांची टीप. तिचा पहिला इंडिकेटर (फील्डच्या सुरुवातीची एक आकडी खूण) ० ठेवला की निर्बंध नाहीत, १ ठेवला की आहेत. पण ती बसते अख्ख्या नोंदीवर. मग 'रेझोनन्स'च्या नोंदीला ० द्यायचा की १? दोन्ही बरोबर आणि दोन्ही चूक. डॉलर ७ त्या त्या पत्त्याला चिकटतं, त्यामुळे एका ८५६ ला १, दुसऱ्याला ०, आणि भांडण मिटलं. नऊ महिन्यांत मला या सबफील्डचा एवढा एकच गुण मनापासून पटला, पण तेवढ्यावर बाकीचं सगळं सहन करता येतं. एक खबरदारी मात्र घ्या. एकाच ८५६ मध्ये डॉलर यू दोनदा भरला असेल तर डॉलर ७ दोन्ही पत्त्यांना लागू होतं. आमच्या जुन्या नोंदींत अशा जोड्या बऱ्याच निघाल्या. आधी त्या फोडून घेतल्या.

आता कटकटी. आमच्या फ्रेमवर्कमध्ये (कोहातला नोंद भरण्याचा साचा) डॉलर ७ उघडलेलंच नव्हतं, म्हणजे संपादनाच्या पडद्यावर ते दिसायचंच नाही. ते उघडून पहिल्या पन्नास नोंदी भरल्या, मोठ्या उत्साहाने ओपॅक पाहिलं, तर काही फरक नाही. आमच्या आवृत्तीची मूळ एक्सएसएलटी (नोंद पडद्यावर कशी दिसावी ते ठरवणारी फाइल) हे सबफील्ड छापतच नव्हती. तिची वेगळी प्रत काढून त्यात चार ओळी घातल्या (मूळ फाइलमध्ये हात घालू नका, पुढच्या अपग्रेडला सगळं पुसलं जाईल) आणि सॉर्टची एक ओळ, म्हणजे ० वाली लिंक आपोआप वर येते.

मजकूर काय छापायचा यावर मात्र आठवडा गेला. १ साठी आधी 'मर्यादित प्रवेश' असं ठेवलं होतं. शब्दशः बरोबर. परिणाम असा की मुलांनी त्या लिंक दाबणंच बंद केलं. त्यांना वाटलं, आपल्याला नाहीये. वास्तविक ती जर्नल त्यांच्यासाठीच तर होती! 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' (सरकारने देशभरातल्या संस्थांसाठी एकत्र घेतलेली जर्नलची वर्गणी) १ जानेवारी २०२५ ला सुरू झालं, त्यात ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० जर्नल आहेत, आणि आमची संस्था सरकारी असल्याने त्यात आहे. मार्कचा १ एवढंच सांगतो की दाराला कुलूप आहे. किल्ली कोणाकडे, ते सांगत नाही. शेवटी ० ला 'कोणालाही वाचता येईल' आणि १ ला 'आपल्या विद्यार्थी-शिक्षकांना मिळेल, घरून लॉगिन करा' असं केलं. जिथे आपल्यालाही मिळत नाही, ती लिंकच काढून टाकली. विकत घेण्याचं पान दाखवायला कॅटलॉग कशाला हवा?

सरांचं म्हणणं होतं की १३,००० च्या १३,००० नोंदी आयात करू. मी हात जोडले. जी आधीपासून होती आणि जी शिक्षकांनी मागितली, तेवढीच घेतली. योजनेची सध्याची मुदत २०२७ अखेरपर्यंत आहे, म्हणजे हे सगळे १ तेव्हा पुन्हा तपासायचे आहेत.

कोणतं जर्नल खुलं हे ठरवायला डीओएजेची (खुल्या जर्नलची जागतिक सूची) सीएसव्ही फाइल उतरवून आयएसएसएनवर (जर्नलचा ओळख क्रमांक) जुळवली. पहिल्या फेरीत जुळणी इतकी कमी आली की मला वाटलं फाइल खराब आहे. फाइल ठीक होती. आमच्या ०२२ मध्ये (आयएसएसएनचं फील्ड) छापील आवृत्तीचे आयएसएसएन आणि तिकडे ऑनलाइनचे. दोन्हींना जोडणारा आयएसएसएन-एल डॉलर एलमध्ये असायला हवा होता, तो रिकामा. ते भरण्यात पावसाळा गेला. आणि डीओएजेत नाही म्हणजे खुलं नाही, असंही नसतं. तिथे अर्ज करावा लागतो, आणि आपल्याकडची कित्येक छोटी मंडळं त्या भानगडीत पडत नाहीत. ती हाताने उघडूनच पाहायची.

लाज वाटावी असंही सापडलं. 'न्यूक्लिइक अ‍ॅसिड्स रिसर्च' २००५ पासून संपूर्ण खुलं आहे. आमच्या नोंदीत मागच्या जूनपर्यंत 'फक्त वर्गणीदारांसाठी' होतं. वीस वर्षं!

सर्वांत जास्त डोकं खाल्लं ते उशिरा खुल्या होणाऱ्या जर्नलनी. अमेरिकेच्या नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसचं 'प्रोसीडिंग्ज' घ्या. १९१५ पासूनचं जर्नल, आणि त्यातले लेख सहा महिन्यांनी सगळ्यांना खुले होतात. पत्ता एकच, दर्जे दोन. मी दोन ८५६ केली आणि डॉलर ३ मध्ये तारखा घातल्या: अमुक महिन्यापर्यंत ०, त्यानंतर १. पुढच्याच महिन्यात ते खोटं ठरलं. मी पुन्हा बदललं. तिसऱ्या महिन्यात ट्यूब पेटली. आता तिथे '१९१५ पासून, शेवटचे सहा महिने सोडून' आणि 'शेवटचे सहा महिने' असं आहे, आणि त्याला हात लावावा लागत नाही. प्रकाशकांच्या केबार्ट यादीत (कोणतं जर्नल कुठून कुठपर्यंत मिळतं ते सांगणारा ठरलेला तक्ता) हीच गोष्ट 'पी६एम' एवढ्या खुणेत मावते. मार्कला अजून वाक्यच लिहावं लागतं.

केबार्टवरून आठवलं. त्या यादीत अ‍ॅक्सेस टाइपचा रकाना असतो, एफ म्हणजे फुकट, पी म्हणजे पैसे. मी भाबडेपणाने एफ दिसलं की ० असं मार्कएडिटमधून (मार्क नोंदी एकगठ्ठा बदलायचं सॉफ्टवेअर) घाऊक लावून टाकलं. एका पुरवठादाराने चाचणीपुरती उघडलेली जर्नलही एफमध्ये घातली होती. जानेवारीत ती बंद झाली आणि आमचं ओपॅक 'कोणालाही वाचता येईल' म्हणत राहिलं. एका प्राध्यापकांनी वर्गातल्या पडद्यावर तीच लिंक उघडली. त्यानंतर त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. आता एफ आलं की मी ती लिंक मोबाइल डेटावरून, म्हणजे कॅम्पसच्या आयपीबाहेरून, स्वतः उघडते. उघडली तरच ०. तोवर यू.

कोहाची लिंक तपासणारी स्क्रिप्ट रविवारी रात्री चालते. उपयोगी आहे, पण तिला फक्त पान आलं का एवढंच कळतं. एका बंद पडलेल्या त्रैमासिकाचं डोमेन कोणीतरी घेऊन तिथे जुगाराची साइट थाटली होती. स्क्रिप्टच्या मते सगळं उत्तम, आणि आमच्या नोंदीत त्यापुढे ०. तत्त्वतः चूक नाही, जुगार सगळ्यांना खुलाच होता. मेलेल्या पत्त्यांसाठी आता डॉलर एच आहे, ती लिंक तिकडे हलवली.

राहिलेलं काम: 'फक्त खुली जर्नल' असा फिल्टर ओपॅकवर हवा आहे. त्यासाठी डॉलर ७ इंडेक्समध्ये (कोहा ज्यातून शोध घेतं ती यादी) घालून सगळं पुन्हा इंडेक्स करावं लागेल आणि देखभालवाल्यांचं कोटेशन अजून टेबलावरच आहे. संकरित जर्नल, ज्यात काही लेख खुले आणि बाकीचे कुलपात, त्यांना सध्या १ देऊन डॉलर झेडमध्ये 'काही लेख खुले' लिहिते. त्याऐवजी डॉलर ७ मध्येच झेड द्यावा का, यावर आमच्यात एकमत नाही. यूवर अजून साठेक नोंदी आहेत. बहुतेक मराठी संशोधन-पत्रिका, ज्यांची साइट एक दिवस चालते आणि चार दिवस नाही. संपादकांना फोन करणं सुरू आहे. परवा एकांनी उलट मलाच विचारलं, "खुलं म्हणजे नक्की काय करायचं असतं, मॅडम? आम्ही तर कधी पैसे मागितलेच नाहीत." त्यांना ० दिला.