मालवणच्या पाण्याला एमके२ पुरतो का?

पुरतो. तारकर्ली, मालवण, फार तर नेत्राणी एवढीच ज्याची डाईव्हिंगची झेप आहे, त्याला स्कूबाप्रो कंपनीचा एमके२ ईव्हो हा रेग्युलेटर (सिलिंडरमधल्या हवेचा दाब उतरवून ती श्वासाला देणारं यंत्र) आणि त्याच्या जोडीचा, तोंडात धरायचा आर१९५ बक्कळ झाला. दुप्पट किमतीचं मॉडेल हौस म्हणून खुशाल घ्या, गरज म्हणून नको. माझा सेट ऑक्टो (अडचणीत जोडीदाराला द्यायचा जादा तोंडाचा भाग) आणि हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजसकट पन्नास हजारांच्या आसपास पडला. आमच्या वडिलांच्या हिशोबात अर्धी म्हैस.

उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे, त्यामुळं वस्तू हातात आली की आधी टर्निंग बघायची खोड. पितळेची बॉडी, वर क्रोम. आत एक पिस्टन, एक स्प्रिंग, सीट आणि मोजक्या ओ-रिंगा. गॅस कटिंगच्या सिलिंडरवरचा रेग्युलेटर ज्यानं खोललाय त्याला हे लगेच उमगतं. सिलिंडरमधले २०० बार (बार हे दाबाचं माप) फर्स्ट स्टेज, म्हणजे सिलिंडरवर बसणारा एमके२, साधारण ९-१० बारवर आणतो; हाच मधला दाब, पण भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा तेवढे जास्त. बॉडीला भोकं असतात, त्यातून पाणी आत येऊन पिस्टनला रेटतं. म्हणून १० मीटरवर भोवताली २ बार असोत की ३० मीटरवर ४, हिशोब आपोआप जुळतो. तोंडातला सेकंड स्टेज, म्हणजे आर१९५, पुढचं काम करतो: ओढला श्वास की हवा.

आता स्वस्तातली गोम. हा पिस्टन अनबॅलन्स्ड आहे. सीट उघडी ठेवायला स्प्रिंगबरोबर सिलिंडरचा दाबही हातभार लावतो. सिलिंडर रिकामा होत आला की तो हातभार कमी, मधला दाब उतरतो आणि श्वास जरा जड लागतो. मालवणच्या उथळ, कोमट पाण्यात मला हे जाणवलंच नाही, आणि सिलिंडरमध्ये ५० बार उरले तेव्हा तर आपण वर आलेलं असायला पाहिजे. ३० मीटरवर, प्रवाहाविरुद्ध पाय मारत, शेवटच्या हवेवर असाल तर फरक कळेल. तसलं डाईव्हिंग ठरलंच असेल तर बॅलन्स्डला पैसे घाला. बाकी भीती नको. सेकंड स्टेजचा व्हॉल्व्ह डाउनस्ट्रीम आहे, म्हणजे हवेच्या दाबानं उघडणाऱ्या बाजूचा; मधला दाब वाढला तर हवा कोंडत नाही, भसाभसा सुटते.

खरा खर्च सर्व्हिसिंगचा. कंपन्या साधारण वर्षा-दोन वर्षांनी किंवा शंभर डाईव्हनंतर करायला सांगतात. किट, मजुरी, वर कुरिअर. ओ-रिंग बदलणं मला काही अवघड नाही, पण हे मी स्वतः करत नाही. सीट बसवून मधला दाब गेजवर तपासायचं काम शिकलेल्या माणसाचंच. म्हणून ऑनलाइन दिसणारा निम्म्या किमतीचा बिननावाचा माल घेऊ नका. ईएन २५० (डाईव्हिंग रेग्युलेटरचं युरोपीय मानक) चा शिक्का बघा आणि त्याचं सर्व्हिस किट आपल्याकडं मिळतं का ते आधी विचारा. क्रेसी, मेअर्स, अ‍ॅक्वालंग यांचीही सुरुवातीची मॉडेलं आहेत. जवळचा टेक्निशियन ज्या कंपनीचं काम करतो, ती घ्यावी.

वर्षातून एकदा गगनबावड्याचा घाट उतरून फोटोपुरती डुबकी मारणाऱ्यानं यातलं काहीच घेऊ नये. तिथं सगळं सामान पॅकेजमध्येच असतं. स्वतःचा सेट हवा तो कोर्स केलेल्याला, दर सीझनला जाणाऱ्याला.

पावसाळ्यात समुद्र बंद, सेट घरी पडून. ठेवण्याआधी गोड्या पाण्यात बुडवा, कारण बॉडीच्या भोकांत मीठ आणि वाळू बसते. त्याआधी डस्ट कॅप (फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचं झाकण) कोरडी करून घट्ट लावायची आणि पाण्यात असताना पर्ज बटण (सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं बटण) अजिबात दाबायचं नाही, नाहीतर पाणी आत शिरतं. होज घडी न घालता सैल वेटोळं करून सावलीत ठेवा.

घेताना योक (सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर शिकंज्यासारखी आवळायची जोडणी) घ्या, मी जातो त्या बोटींवर सिलिंडर त्याच पद्धतीचे असतात. पुढं परदेशी जायचं असेल तर डिन (व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी फिरवून बसवायची जोडणी) घेऊन अ‍ॅडॅप्टर लावता येतो. गेज मात्र बारमध्येच मागा, आपल्याकडं बोटीवर सगळे बारमध्येच बोलतात.