व्हीलॅन पोर्टला द्यायचा की माणसाला?

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर (केबल्स जोडणाऱ्या डब्यावर) केलेलं वेगळं नेटवर्क. स्विचच्या पोर्टला, म्हणजे केबल लावायच्या खाचेला, तो द्यायचे रस्ते दोन. एक हाताने: पोर्ट ७, व्हीलॅन २०, विषय संपला. दुसऱ्यात केबल लावणारा कोण, हे स्विच रेडियस सर्व्हरला (कुणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्याला) विचारतो आणि उत्तरात व्हीलॅन येतो. हे ८०२.१एक्स.

हाताने करायला खर्च नाही. सिस्कोवर ‘स्विचपोर्ट मोड ॲक्सेस’ आणि ‘स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन २०’, एवढ्या दोन ओळी. ब्राउझरमधून चालणाऱ्या स्वस्त स्विचवर मात्र जपून. तिथे पोर्ट व्हीलॅन २० मध्ये अनटॅग्ड (बाहेर जाणाऱ्या डेटावर व्हीलॅनचा शिक्का नाही) करायचा आणि पीव्हीआयडीही (आत येणारा बिनशिक्क्याचा डेटा कुठल्या व्हीलॅनचा) २० करायचा, अशी दोन पानं असतात. दुसरं पान विसरलात तर पीसीचा डेटा व्हीलॅन १ मध्ये जातो. दिवा हिरवा, आयपी १६९.२५४ ने सुरू होणारा, म्हणजे नेटवर्ककडून पत्ता मिळालाच नाही. यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे, तीही केबल बदलण्यात.

पण पोर्टला माणूस कळत नाही. अकाउंट्सचं टेबल हललं की जुन्या जागी बसणारा कुणीही अकाउंट्सच्या नेटवर्कमध्ये. कुठला पोर्ट कुणाचा, ही एक्सेल शीट तर सहा महिन्यांत शिळी होतेच.

८०२.१एक्समध्ये माणूस कुठेही बसला तरी त्याचा व्हीलॅन सोबत येतो. फ्रीरेडियस हा रेडियस सर्व्हर फुकट आहे, विंडोज सर्व्हर असेल तर एनपीएस हा मायक्रोसॉफ्टचा रेडियस त्यातच मिळतो. डोकेदुखी प्रिंटर, कॅमेरे आणि हजेरीच्या मशीनची. यातल्या बऱ्याच जणांना लॉगिन जमत नाही, मग मॅक ॲड्रेसवरून (नेटवर्क कार्डावरच्या नंबरवरून) ओळखायचं. सिस्कोच्या मूळ सेटिंगमध्ये स्विच आधी सुमारे ९० सेकंद लॉगिनची वाट बघतो. तोवर प्रिंटर आयपी मागून थकलेला असतो. शिवाय मॅक प्रिंटरच्या मागच्या स्टिकरवरच छापलेला, नक्कल करायला कितीसा वेळ? आणि रेडियस सर्व्हर बसला तर नव्याने केबल लावणारे सगळे बाहेर. म्हणून सर्व्हर दोन हवेत, किंवा सर्व्हर गप्प असताना कुठला व्हीलॅन द्यायचा हे स्विचमध्ये आधीच लिहून ठेवायचं.

दोन-तीन स्विच आणि ठरलेल्या जागा असतील तर मी हातानेच करेन. रिकामे पोर्ट बंद ठेवेन. कॉलेज, को-वर्किंग, किंवा पाहुण्यांच्या हाताशी भिंतीतला पॉइंट असेल तर ८०२.१एक्सला पर्याय नाही. तिथेही कॅमेरे आणि प्रिंटर हातानेच बांधा, आणि सुरुवात एकाच मजल्यावर, कुणालाही न अडवता फक्त लॉग बघत करा.