क्रोशाची सुई घडवायची, पण कोणत्या लाकडाची?

दहा-बारा जातींच्या लाकडांचे तुकडे समोर मांडले की हात आपोआप सगळ्यात नक्षीदार तुकड्याकडे जातो. वळणावळणाच्या रेषा, मध्येच गाठीचा डोळा, कडेला पांढरट लाकडाची किनार. वाटी किंवा डबी करायची असती तर मीही तोच उचलला असता. क्रोशाच्या सुईसाठी मात्र तो बाजूला ठेवा. सुई टिकणार की मोडणार हे दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या एका जागेवर ठरतं, आणि त्या जागेला नक्षी मुळीच मानवत नाही.

आधी सुईच्या भागांची नावं ठरवून घेऊ. टोकाशी धागा पकडणारी खाच, खाचेवर पुढे आलेला ओठ, टाक्याचं माप ठरवणारी दांडी, अंगठा टेकायची सपाट जागा आणि शेवटी मूठ.

धागा ओढून घेताना सगळा ताण ओठावर येतो, आणि ओठाला आधार असतो तो फक्त बुडाशी असलेल्या चिमूटभर लाकडाचा. लाकूड लांबीच्या दिशेने सहज फाटतं आणि ओठ नेमका त्याच दिशेने ढकलला जातो. त्याच्या बुडाशी वार्षिक वलयाची मऊ रेघ आली, तर खपली निघावी तसा तो सुटतो. माझी शिसवाची एक सुई अशीच गेली. दांडी सुरेख उतरली होती, जांभळट-तपकिरी रेघा मुठीपासून टोकापर्यंत धावत होत्या, आणि तिसऱ्या ओळीतल्या एका घट्ट खांबात (उंच टाक्यात) ओठ सुटून लोकरीतच राहिला. तुटलेली जागा भिंगाखाली धरली, तर फिकट आणि गडद पट्ट्याच्या सीमेवरून ती सरळ सोलली गेली होती. लाकूड वाईट नव्हतं. खाच कुठे पाडायची ते मी चुकले होते.

तेव्हापासून नवं लाकूड हातात आलं की मी आधी दोन गोष्टी बघते: रेषा, म्हणजे लाकडातल्या तंतूंची दिशा, सरळ आहे का आणि पोत बारीक आहे का. रंग त्यानंतर. पुढची तुलना त्याच क्रमाने केली आहे.

मेपल की बॉक्सवुड

पहिलीच सुई असेल तर या दोहोंतून निवडा. दोन्ही फिकट, दोन्ही बारीक पोताची. यांची छिद्रं इतकी लहान आणि सगळीकडे सारखी पसरलेली असतात की वलयांत मऊ रेघ जवळपास नसतेच. ओठाला हेच हवं असतं.

हार्ड मेपलचा जांका कठीणपणा सुमारे १,४५० पौंड. पोलादाची छोटी गोळी लाकडात निम्मी रुतवायला जितका जोर लागतो, तो हा आकडा. बॉक्सवुड त्याच्या जवळजवळ दुप्पट कठीण आहे. सुरीखाली मेपलची सलग ढलपी निघते, चूक सावरायला वाव राहतो. बॉक्सवुडला सुरी कमी आणि कानस जास्त लागते. पण खाचेची कड त्यात जशी रेखीव उतरते तशी दुसऱ्या कुठल्याच लाकडात मला मिळालेली नाही. लाकडी ठशांवर बारीक चित्रं कोरणारे आणि बासरीसारखी वाद्यं घडवणारे शेकडो वर्षं हेच लाकूड वापरत आले, ते याच गुणासाठी. झाड फार हळू वाढतं, मोठी फळी मिळणं दुर्मीळ. आपल्याला मात्र जेमतेम पेन्सिलीपेक्षा जाड काडी पुरते.

दिसायला साधं म्हणून मेपलला नाकारू नका. हातात राहून-राहून त्याला मधाचा रंग चढतो.

ऑलिव्ह: सौंदर्य आणि टिकाऊपणा एकत्र

एकच सुई करायची असेल आणि ती देखणीही हवी असेल, तर माझं मत ऑलिव्हला. मध-पिवळ्या अंगावर काळपट तपकिरी रेघा, पोत बारीक, कठीणपणा मेपलहून बराच जास्त. कानस फिरली की फळासारखा गोडसर वास सुटतो आणि घडवून झाल्यावरही बरेच दिवस मुठीला राहतो.

अडचण रेषेची. ऑलिव्हचं खोड पिळवटलेलं वाढतं, त्यामुळे काडीतली रेषा मध्येच वळते. ठोकळा उजेडात फिरवून बघा. एखादी रेघ एका कडेने आत शिरून चार-पाच सेंटिमीटरच्या आत दुसऱ्या कडेने बाहेर पडत असेल, तर दांडी तिथेच मोडणार. सगळा तुकडा सरळ मिळत नाही, मिळायची गरजही नाही. ज्या टोकाची रेषा सरळ आहे तिथे खाच घ्या आणि वळणं मुठीकडे जाऊ द्या. ऑलिव्ह वाळताना बारीक चिरतं, म्हणून टोकांवर ओला कपडा फिरवा. चीर असेल तर तिथली ओल मागे राहते आणि काळी रेघ उमटते.

अक्रोड आणि चेरी

घडवायला दोन्ही सोपी, उबदार रंगाची. चेरीचा पोत बारीक आहे, रंग उन्हाने गडद होत जातो. अक्रोडाची छिद्रं जरा मोठी. लोकरीला चालतं, पण सैल पिळाच्या सुती दोऱ्याचे धागे त्यात अडकतात. दोन्हींचा कठीणपणा हजाराच्या आसपास, म्हणून ६ मिलिमीटरच्या खाली यांची सुई करू नये असं मला वाटतं.

आकाराचं हे गणित सगळ्याच लाकडांना लागू आहे. गोल काडीची वाकून मोडण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ५ मिलिमीटरची दांडी ४ मिलिमीटरच्या दांडीच्या जवळजवळ दुप्पट ताकदीची असते, ६ मिलिमीटरची साडेतीनपटीच्या जवळ. पहिली सुई ५ किंवा ६ मिलिमीटरची करा. ३.५ मिलिमीटरखालचं काम धातूच्या सुईवर सोडा.

शिसव, कोकोबोलो, आबनूस

ही गडद, जड, तेलकट लाकडं. घासली की तेल न लावताही चकाकतात, लोकर त्यांवरून पाण्यासारखी सरकते. आबनुसाचा पोत इतका एकजीव असतो की ओठ कोरायला ते बॉक्सवुडच्या खालोखाल, फक्त ठिसूळ. फरशीवर पडलं तर टोक उडतं. शिसवात फिकट-गडद पट्टे स्पष्ट असतात. खाच पट्ट्याच्या मधोमध घ्या, दोन पट्ट्यांच्या सीमेवर नको.

निर्णय करण्याआधी दोन गोष्टी नीट तोलून बघा. पहिली धुळीची. कोकोबोलो आणि त्याच्या जातभाईंची धूळ त्वचेला आणि श्वासाला बाधते. एकदा ॲलर्जी जडली की पुढे थोड्याशा संपर्कानेही अंगावर पुरळ उठतं. एन-९५ मास्क, लांब बाह्या आणि ओल्या घासकागदाने (सँडपेपरने) घासणं एवढं करायची तयारी नसेल, तर ही लाकडं घेऊच नका. सुई तासन्‌तास हातात राहते, तेव्हा कुणाला भेट द्यायची असेल तर त्या व्यक्तीची त्वचा नाजूक आहे का ते आधी विचारा.

दुसरी गोष्ट कायद्याची. शिसव आणि कोकोबोलो ज्या डालबर्जिया कुळातले, ते सगळं कुळ २ जानेवारी २०१७ पासून सायटीस या, दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या परदेशी व्यापाराला परवाना लावणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. नोव्हेंबर २०१९ पासून त्यातल्या बहुतेक जातींच्या तयार वस्तूंना एका खेपेत १० किलोपर्यंत सवलत मिळाली, पण कच्च्या ठोकळ्यांना ती लागू नाही. ब्राझीलचा शिसव तर १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे. घेताना लाकडाचं शास्त्रीय नाव मागून घ्या. नाव सांगता येत नसेल तर तुकडा परत ठेवा.

पर्पलहार्ट आणि पडाऊक

रंगाची हौस असेल तर इथे थांबा. पर्पलहार्ट ताजं कापलं की करडं-तपकिरी दिसतं आणि बघणाऱ्याची निराशा होते. हवा-उजेड लागला की काही दिवसांत जांभळं होतं, आणि वर्षानुवर्षं उन्हात राहिलं तर पुन्हा तपकिरीकडे वळतं. ताकदीला उत्तम, हत्यारांना कठोर. सुरी वारंवार परजावी लागते. ओठ पक्का राहतो.

पडाऊक केशरी-लाल, मनमोहक. पण त्याचा रंग सुटतो. पांढऱ्या लोकरीवर गुलाबी डाग पडलेला मी पाहिला आहे, तो धुऊनही पूर्ण गेला नाही. त्याचा रंग अल्कोहोलमध्ये विरघळत असल्याने स्पिरिटमधली लाख थेट फासली तर तो आणखी पसरतो. आधी तेलाचे दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग पांढऱ्या फडक्याने जोरात पुसा. फडकं कोरं राहिलं तरच सुई लोकरीजवळ न्या. एवढी काळजी नको असेल तर पर्पलहार्ट घ्या.

वजनाचा विचार

१५ सेंटिमीटर लांब आणि सरासरी १ सेंटिमीटर जाड सुईत सुमारे १२ घनसेंटिमीटर लाकूड असतं. अक्रोडात तिचं वजन साधारण ७ ग्रॅम, मेपलमध्ये ८, आबनुसात ११. पाण्यात बुडणाऱ्या लिग्नम व्हिटीत तेच १५ ग्रॅम भरतं. जहाजाच्या पंख्याच्या दांड्याखाली बेअरिंग म्हणून हे लाकूड वापरत असत, कारण त्याच्या अंगच्या राळेनेच ते वंगणासारखं घसरतं. अशी सुई विलक्षण गुळगुळीत होते. पण मनगट दुखत असेल तर दुप्पट वजन दुसऱ्या तासाला जाणवतं. रेशमासारखा धागा आधीच निसटता असेल तर एवढा गुळगुळीतपणा उलट त्रास देतो. तिथे मेपल किंवा चेरी धाग्याला जरा धरून ठेवतात.

जी टाळावीत

ओक आणि वेंगे यांची उघडी छिद्रं धागा विस्कटतात, वेंगेच्या बारीक कुसळी बोटांत शिरतात. बुरशीच्या काळ्या रेघांनी नटलेलं स्पाल्टेड लाकूड आतून मऊ झालेलं असतं. बांबू तसा चिवट, पण तो उभा चिरतो आणि ओठाशी कुसळ सुटते. यू आणि कण्हेर ही झाडं विषारी आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

सुरी की लेथ

सुरीने घडवताना ठोकळा करवतीने कापण्याऐवजी कोयत्याने किंवा पटाशीने फोडून घ्या. फोडलेला तुकडा रेषेच्या मागे जातो, त्यामुळे दांडीत तंतू अखंड राहतात. मेपल, चेरी आणि अक्रोड यांना हे लागू पडतं. लिग्नम व्हिटी किंवा पडाऊक यांचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने ती नीट फुटत नाहीत. लेथवर गोलाई बिनचूक येते, सारख्या मापाच्या पाच सुया करायच्या असतील तर तोच मार्ग. पण ५ मिलिमीटरपर्यंत आल्यावर बारीक दांडी थरथरते, आणि खाच शेवटी हातानेच पाडायची असते. एक-दोन सुयांसाठी लेथ घेण्यात अर्थ नाही असं माझं मत.

लाकूड वाळलेलं हवं. ओलं लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच त्याला काटकोनात आकसतं, म्हणून गोल दांडी लंबगोल होते आणि माप जातं. माप तपासायला धातूच्या पट्टीत ५ मिलिमीटरचं भोक पाडून ठेवा. कागद मारण्याआधी दांडी त्यात घट्ट अडकली पाहिजे, ६०० नंबरच्या कागदानंतर सहज सरकली पाहिजे.

तेल लावायचं तर जवसाचं किंवा टंग तेल, पातळ हात, मध्ये पूर्ण वाळवण. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. लाखेचं पॉलिश झटपट वाळतं, पण हाताला लावलेल्या सॅनिटायझरने चिकट होतं. रोजच्या वापराच्या सुईला मी तेलच लावते, वर मेणाचा पातळ हात.

खाच गुळगुळीत झाली का ते बोटाला कळत नाही. कापसाचा पुंजका खाचेतून ओढा. जिथे तंतू मागे राहतात तिथे अजून खरखर आहे.

तरीही नक्षीदार तुकडाच हवा असेल

मग त्याची फक्त मूठ करा. दांडी आणि खाच मेपल किंवा बॉक्सवुडची, मूठ गाठीच्या लाकडाची. दांडीचं मागचं टोक ६ मिलिमीटरचं ठेवून मुठीत २५ ते ३० मिलिमीटर खोल भोक पाडा. टोकावर लांबीने एक बारीक चर कोरा, नाहीतर आत कोंडलेली हवा दांडी पुन्हा बाहेर ढकलते. मूठ कोकोबोलोसारखी तेलकट असेल तर चिकटवण्याच्या अगदी आधी भोक ॲसिटोनने पुसा, मग इपॉक्सी लावा आणि चोवीस तास हात लावू नका. अंगठ्याची सपाट जागा मात्र दांडी पक्की बसल्यावरच घासा, खाचेच्या बरोबर रेषेत. आधी घासली आणि चिकटवताना दांडी केसभर फिरली, तर प्रत्येक टाक्याला मनगट वाकडं करावं लागेल.